दुखणं सांध्याला, खोबरेल केसाला

आमच्या ठमीच्या पाठीवरचे केस गेल्या पावसाळ्यात बिघडले. तेरा वर्षांची करडी मांजरी, जन्मभर अंगावरचा एक केस इकडचा तिकडे होऊ न देणारी. तिच्या कमरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत केसांचे झुपके उभे राहू लागले, कुणी तेलकट बोटांच्या चिमटीत धरून पीळ भरावा तसे. झुपक्यांच्या मधल्या भांगांतून कोंडा दिसे. पाठीवरून हात फिरवला की राठ लागे आणि हात उचलल्यावर बोटांना चिकटपणा राहून जाई.

पुढच्या महिन्याभरात मी एकच वाक्य चार तोंडांतून ऐकलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वय झालं हो तिचं." पेट शॉपवाला म्हणाला, "एज झालं ना मॅडम, कोट जातोच." ग्रूमिंगवाल्या मुलीनं तेच सांगितलं आणि वर एक ‘स्पा पॅकेज’ सुचवलं. चौथे खुद्द डॉक्टर होते. त्यांनी ठमीला टेबलावर ठेवायला लावलं, लांबूनच पाहिलं, "सीनियर आहे, मल्टिव्हिटॅमिन देतो" म्हणाले आणि पुढच्या लॅब्रेडॉरकडे वळले. तिला हात लागला तो फक्त वजनकाट्यावर ठेवताना, तोही माझाच.

हे वाक्य ऐकायला फार समजूतदार वाटतं. त्यात माया आहे, नशिबाला मान तुकवणं आहे, थोडं अध्यात्मही आहे. नाही ती फक्त तपासणी. आणि मांजराच्या केसांवरचे आपल्याकडचे सगळे तोडगे याच वाक्याच्या पोटातून निघतात. केस वयामुळे गेले, म्हणजे आत काही नाही. आत काही नाही, म्हणजे जे करायचं ते वरून. मग खोबरेल लावा, अंडं फासा, शाम्पू बदला, मशीन फिरवा. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला ही म्हण ज्यानं काढली त्यानं बहुधा म्हातारं मांजर पाळलं असावं.

माझा या मंडळींना पहिला प्रश्न अगदी साधा आहे. ठमीच्या हनुवटीखालची, छातीवरची, पुढच्या पायांवरची लव तेव्हाही दुधावरच्या सायीसारखी होती. वय झालं असेल तर ते अख्ख्या मांजराचं झालं असणार. कमरेच्या मागच्या अर्ध्या भागाचं तेवढं आधी झालं की काय?

या प्रश्नाचं उत्तर मांजराच्या जिभेत आहे. ती गालाला लागली की पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं, हे मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तिच्यावर घशाच्या दिशेनं वळलेले शेकडो काटे असतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी घरातल्या मांजरापासून वाघ-सिंहांपर्यंत सहा प्रजातींच्या जिभा तपासल्या आणि २०१८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे काटे भरीव नसतात, असं त्यांना दिसलं. टोकाशी ते खोलगट असतात, पंचपात्रातल्या पळीसारखे. ती पळी तोंडातली लाळ उचलते आणि केसांच्या रानातून वाट काढत थेट त्वचेपर्यंत नेऊन सोडते. म्हणजे मांजर चाटतं तेव्हा एकाच फेऱ्यात विंचरणं, धुणं आणि उन्हाळा असेल तर अंग थंड करणं अशी तीन कामं उरकतं.

पाठीचा मऊपणा मांजर असा रोज कमावत असतं. सुटलेली आतली लव ओढून काढायची, त्वचेतून येणारं तेल केसभर पसरवायचं, धूळ धुवायची. हे काम बंद पडलं की सुटलेली लव उभ्या केसांत अडकून बसते, तेल मुळाशी साचतं, दोन्हींचा लगदा होतो आणि झुपके उभे राहतात. केस तोच असतो. केस राखणारी कामाला आलेली नसते.

आता मांजर स्वतःची कंबर कशी चाटतं ते आठवून पाहा. बैठक मारून, मागचा एक पाय तंबोऱ्यासारखा खांद्याला लावून, पाठीचा कणा जवळजवळ दुमडून मान मागे न्यायची. छाती आणि पुढचे पाय चाटायला यातलं काहीच करावं लागत नाही. म्हणून ज्याचा कणा किंवा खुबा धरलाय त्या मांजराची छाती शाबूत राहते आणि कंबर जाते. २००२ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या एका नियतकालिकात बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांच्या एक्स-रेंचा अभ्यास आला होता. त्यांतल्या नव्वद मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. झीज दिसली म्हणजे प्रत्येकीला दुखतच होतं असं नाही, हे मान्य. पण ‘केसच तसे होतात’ म्हणण्याआधी एकदा कंबर दाबून बघावी, एवढी शंका घ्यायला हा आकडा पुरे आहे.

इथे माझीही चूक कबूल करते. त्याआधी सहा-आठ महिने ठमी फ्रिजवर चढली नव्हती. पूर्वी तिथेच तिचं सिंहासन. नंतर ती आधी स्टुलावर, मग टेबलावर, आणि तिथेच बसून राही. आम्ही कौतुकानं म्हणायचो, समंजस झाली हो पोर. मांजर सहसा लंगडून दाखवत नाही, ते आपला दिनक्रम बदलतं. उडी न मारता पायऱ्या शोधतं, मातीच्या ट्रेच्या कडेवरून पाय टाकायचा कंटाळा करतं, नखं पूर्वीसारखी घासत नाही, ती जाड होऊन फरशीवर टकटक वाजतात. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर घडलं आणि आम्ही त्याला स्वभाव म्हटलं. केस बिघडले नसते तर आजही म्हणत राहिलो असतो.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी ठमीला खाली सोडलं आणि खोलीभर फिरू दिलं. मग मांडीवर घेऊन मानेपासून शेपटीपर्यंत एकेक मणका अंगठ्यानं दाबत गेल्या. कमरेशी आल्यावर ठमीनं मान वळवून त्यांच्या मनगटाला दात लावले. चावली नाही, नुसते लावले. "कळलं," त्या म्हणाल्या, आणि एक्स-रे, रक्त, लघवी लिहून दिली. एक्स-रेमध्ये दोन्ही खुबे आणि कमरेचे दोन मणके. रक्त त्यांनी मुद्दाम आधी पाहिलं, कारण किडनीचा अंदाज घेतल्याशिवाय म्हाताऱ्या मांजराला वेदनाशामक द्यायचं नसतं. आणि घरच्या डब्यातलं तर कधीच नाही. पॅरासिटामॉलची आपल्याला लागू पडणारी एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

आता खोबरेल. याच्याविरुद्ध लिहिणं मराठी घरात धाडसाचं आहे, कारण आपल्याकडे टाळू भरण्यापासून टाचा फुटण्यापर्यंत सगळ्याला पहिला उपाय तेल. मीही लावलं होतं. काकूंनी वाटीत कोमट करून दिलं, मी दोन बोटांनी ठमीच्या पाठीवर चोळलं, केस चप्प बसले आणि दोन तास मला वाटलं की जमलं. संध्याकाळपर्यंत ती पाठ घरातला सगळा केर गोळा करत होती, आणि दोन दिवसांत झुपक्यांचे चांगले घट्ट गोळे झाले. जिथे तेल आधीच साचलेलं होतं तिथे मी आणखी ओतलं होतं. दुसरं म्हणजे मांजराच्या अंगाला लावलेली गोष्ट मांजराच्या पोटात जाते. जिथे जीभ पोचली तिथलं तेल ठमीनं चाटलं, आणि पुढचे दोन दिवस ट्रे साफ करताना मला त्याची किंमत कळली.

"मग पोटातूनच द्या, आतून चकाकी येईल," असं सांगणारेही आहेत. येत नाही. मांजराच्या त्वचेला जी स्निग्धाम्लं लागतात त्यांपैकी ॲराकिडॉनिक आम्ल त्याला वनस्पतीच्या तेलापासून पुरेसं बनवता येत नाही, ते प्राण्याच्या चरबीतूनच मिळावं लागतं. खोबरेल तर बहुतांश संपृक्त. मांजराच्या त्वचेला हवं त्यातलं त्यात फारसं काही नाही. आपल्या केसांना जे मानवतं ते मांजराच्याही केसांना मानवावं, हा आपला लोभ आहे.

खोबरेल निदान विषारी नाही. त्याच्या शेजारच्या बाटल्या आहेत. टी ट्री तेल, कापराचं तेल, फरशीचं फिनेल पाण्यात घालून आंघोळ. मांजराच्या यकृताकडे असे पदार्थ निचरा करण्याची एक मोठी वाट जवळजवळ बंद आहे. आपल्या शरीरातून काही तासांत निघून जाणारी गोष्ट त्याच्या अंगात साचून राहते. सगळ्यांत वाईट म्हणजे पिसवांचं कुत्र्याचं औषध. त्यातल्या काहींत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला झटके येतात, मरूही शकतं. आणि दुकानातला मुलगा शांतपणे सांगतो, "सेमच असतं मॅडम, थोडं कमी लावा."

पिसवा खरंच असू शकतात, तेव्हा त्या आहेत की नाहीत ते घरी पाहता येतं. आजीच्या डब्यात उवांची दोन्ही बाजूंनी बारीक दातांची फणी असेल तर ती घ्या. शेपटीच्या मुळाशी चार वेळा ओढा आणि फणीत आलेला काळा रवा ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. मिनिटभरात त्याच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नाही, पिसवेनं पिऊन टाकलेलं मांजराचं रक्त आहे. मग डॉक्टरांकडून मांजराचंच औषध आणा, आणि तेही मांजराचं वजन सांगून.

अंड्याबद्दल दोन ओळी पुरेत. शिजवलेलं अंडं अधूनमधून दिलं तर काही बिघडत नाही. कच्चं फेसून अंगाला फासणं किंवा रोज कच्चं पाजणं यात शहाणपण नाही. कच्च्या पांढऱ्यातला एक घटक बायोटिनला धरून ठेवतो, आणि बायोटिन हे त्वचेला नि केसाला लागणारं जीवनसत्त्व आहे. केसांसाठी दिलेलं अंडं केसांच्याच मुळावर येतं.

पण खाण्याचा विषय इथे संपत नाही. उलट इथे मला जास्त भांडायचं आहे, कारण इथे प्रतिपक्ष माझी आई आहे.

आईकडे, कोकणात, एक कुळकुळीत काळी मांजरी होती. घर शाकाहारी, त्यामुळे तिला दोन्ही वेळा दूध-भात आणि सणासुदीला दूध-पोळी. उंदीर-पाली ती मिळवी तेवढ्या. वाड्याची डागडुजी झाली, माळा बंद झाला, उंदीर गेले, आणि वर्ष-दीड वर्षात मांजरी तांबडी पडू लागली. आधी पोटरीकडे, मग कुशीवर, जुन्या छत्रीच्या कापडासारखा विटका तांबूस रंग. केस कोरडे आणि विरळ. आई म्हणाली, "उन्हानं विटली गं." ऊन काळा रंग विटवतं हे खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण काळा रंग ज्या मेलॅनिनपासून होतो ते टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून बनतं, आणि टायरोसिन येतं प्रथिनांतून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २००१-०२ च्या सुमारास काळ्या मांजरांवर नेमकं हेच दाखवून दिलं. आहारात टायरोसिन आणि त्याचं मूळ फेनिलअॅलनिन कमी पडलं की काळे केस तांबूस होतात, आणि ते वाढवलं की पुन्हा काळे उगवतात. यातली खरी गोम पुढे आहे. मांजराची वाढ नीट होण्यासाठी ही आम्लं जेवढी लागतात, त्याहून जास्त केस काळे राहण्यासाठी लागतात. म्हणजे वजन ठीक, चालणं-फिरणं ठीक, भूक ठीक, आणि तरीही शिधा अपुरा. ते फक्त केस सांगत असतो.

"आमच्या लहानपणी सगळी मांजरं दूध-भातावरच वाढली," हा आईचा मुद्दा, आणि तो जवळजवळ प्रत्येक मराठी घराचा मुद्दा आहे. वाढली नाहीत. ती उंदरांवर, पालींवर, चिमण्यांवर आणि शेजारच्या कोळणीच्या टोपलीवर वाढली. दूध-भात हा त्यांचा वरचा खाऊ होता. आपण शिकार बंद केली आणि वरचा खाऊ तेवढा चालू ठेवला. मांजर जन्मानं मांसाहारी आहे, आवडीनं नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला पुरेसा बनवता येत नाही, तो मांसातूनच यावा लागतो. त्याच्या अभावानं मांजराचं हृदय सैल पडून निकामी होतं, आणि टॉरिन दिलं की सुधारतं, हे १९८७ साली त्याच डेव्हिसमध्ये उघड झालं. दुधाचं म्हणाल तर मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना त्यातली साखर पचत नाही. ज्यांना आपल्या श्रद्धेपोटी घरात मांस-मच्छी आणायची नाही त्यांच्याशी माझा वाद नाही. त्यांनी सर्व घटक असलेलं तयार खाद्य आणावं, त्याचं पाकीट स्वयंपाकघराबाहेर ठेवावं. पण श्रद्धा आपली आणि उपास मांजराला, हे बरं नव्हे.

मासे खाणाऱ्या घरांनीही फार हुरळू नये. रोज नुसती तारली नि बांगडे घालून मांजराचे केस चमकतात असा किनारपट्टीवर समज आहे. सतत तेलकट मासेच दिले आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं तर मांजराच्या अंगातली चरबी सुजते, गाठाळते, आणि मग त्याला नुसता हात लावला तरी ते ओरडतं. नुसतं उकडलेलं चिकनही पूर्ण जेवण नाही, त्यात चुना नाही. आईच्या मांजरीचं खाणं आम्ही बदललं. पुढच्या दोन केसगळतींत ती पुष्कळशी काळी झाली. त्यात खाण्याचा वाटा किती आणि ऊन टाळण्याचा किती, हे मी छातीठोक सांगणार नाही. आई अजून म्हणते, त्या साली पाऊस लांबला म्हणून.

आता शहरातल्या हौशीकडे येऊ. पर्शियन पिल्लं विकणारी मंडळी हल्ली ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच’ असे चेहऱ्याचे भाव लावतात, आणि किंमत चढवायची असेल तर वर ‘ट्रिपल कोट’ जोडतात. गंमत अशी की साध्या मांजराच्या अंगावरही तीन तऱ्हेचे केस असतात: बाहेरचे लांब राठ, मधले टोकाशी जाडसर, आणि आतली मऊ लव. त्या हिशेबानं आमच्या गल्लीतला कचराकुंडीवरचा बोकाही ट्रिपल कोट. पर्शियनचे केस लांब आहेत, आतली लव बेसुमार आहे, एवढंच. आणि नोएल-हू यांच्या अभ्यासात नेमकी हीच जात अपवाद निघाली. बाकीच्या मांजरांच्या जिभेचे काटे दाबलेल्या केसांतून त्वचेला पोचतात. पर्शियनचे पोचत नाहीत. म्हणजे आपण असं मांजर घडवलं आहे ज्याला स्वतःचं अंग विंचरता येत नाही. ‘मांजर स्वतःचं स्वतः बघतं’ हे वाक्य त्याच्या बाबतीत साफ खोटं आहे, आणि विकताना ते कुणी सांगत नाही.

परिणाम पावसाळ्यात दिसतो. काखेत, जांघेत, कानामागे आधी गुंता, मग गाठ, मग नमद्यासारखी जट. माणसाच्या डोक्यात जट झाली तर ती देवीची म्हणून वर्षानुवर्षं न कापणारी घरं आपल्याकडे आहेत. ती कापायला राजी करण्यासाठी अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अजून दारोदार फिरतात. मांजराच्या जटेला तेवढंही दैवत नाही, ती ‘हौसेची जात आहे, असं होणारच’ या खात्यात जाते. ती जट प्रत्येक पावलाला खालची कातडी ओढते. दमटपणात तिच्याखाली त्वचा भिजून सडते, कधी अळ्या पडतात. तिच्यावर पाणी घालू नका, ओली जट सुकताना आणखी आवळते. कात्री तर अजिबात नको: मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, जट उचलली की तिच्याबरोबर कातडीचाही तंबू उभा राहतो आणि कात्री तोच कापते. छोटी गाठ असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळून, मुळाशी बोटांनी धरून, टोकाकडून सुरुवात करत बोटांनीच मोकळी करायची. मोठी असेल तर डॉक्टरांकडे मशीननं काढून घ्यायची. तिथे मशीनला माझा आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो ‘उन्हाळा आला, भादरून टाका’ याला. गुंता नसलेलं, स्वतःला चाटू शकणारं मांजर भादरल्यानं थंड होत नाही. केसांचा थर त्याला थंडीपासून राखतो तसा उन्हापासूनही राखतो, आणि लाळ वाळताना अंग निवतं. भादरलेल्या पांढऱ्या मांजराची कातडी गच्चीवरच्या उन्हात भाजते. सयामी वळणाच्या मांजराला भादरलं की तिथले केस गडद उगवतात, कारण त्याचा रंग त्वचेच्या तापमानावर ठरतो. मग मालकीणबाई नव्यानं घाबरतात. त्यापेक्षा पंखा, ओलसर फडकं आणि चार ठिकाणी पाण्याची भांडी.

पर्शियनवाल्यांना आणखी एक सांगायचं आहे. या जातीत किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक रोग बराच आढळतो. त्याचं जनुक २००४ साली सापडलं आणि त्याची चाचणीही निघाली. अशा मांजराचे केस सात-आठव्या वर्षी निस्तेज झाले, पाणी पिणं वाढलं, ट्रेमधले मातीचे गोळे मोठे होऊ लागले, तर शाम्पूची बाटली खाली ठेवा. आणि गोल चकतीत केस तुटले, कडेला पापुद्रा दिसला, घरातल्या मुलाच्या हातावर गजकर्ण उठलं, तर मांजर आणि मूल दोघांनाही एकाच आठवड्यात डॉक्टर दाखवा. ती बुरशी दोघांत सामायिक असते.

उलटी तऱ्हाही आहे. म्हातारं मांजर हडकतं, केस पिंजारतात, पण भूक दुप्पट होते. घरचे खूश: पुन्हा तरुण झाली. हे बरेचदा थायरॉइड असतं. मांजरांमधला हा रोग १९७९ साली अमेरिकेत पहिल्यांदा नोंदवला गेला आणि तो रक्ताच्या एका चाचणीत कळतो. किंवा मांजर पोटावरचे केस चाटून-चाटून गुळगुळीत करतं, आणि सगळे एकमतानं सांगतात, "टेन्शन आहे त्याला, एकटं असतं." असं ‘मानसिक’ ठरवून पाठवलेल्या एकवीस मांजरांची कसून तपासणी झाली, तिचा अहवाल २००६ साली छापून आला. सोळांना शारीरिक कारण सापडलं, बहुतेकांना ॲलर्जी. वय झालं आणि टेन्शन आहे ही दोन वाक्यं बहिणी आहेत. दोघींनाही तपासायचा कंटाळा आहे.

"एवढे चोचले? मांजर आहे ते," हा शेवटचा आक्षेप, आणि तो खर्चाचा असल्यामुळे प्रामाणिक आहे. मी हिशेब मांडून पाहिला. ठमीचे केस बिघडल्यापासून मी चमक आणणारा शाम्पू, केस मोकळे करणारा स्प्रे, मल्टिव्हिटॅमिनची बाटली आणि जाहिरातीतला ब्रश घेतला. या सगळ्याची बेरीज एक्स-रे आणि रक्ततपासणीपेक्षा थोडी जास्तच भरली. माझ्या घरात तरी चोचले कुठले होते ते कळलं.

ठमीला आता डॉक्टरीणबाईंनी मोजून दिलेलं औषध आहे. फ्रिजपाशी दोन पाट एकावर एक ठेवलेत, ट्रेची पुढची कड कापून खाली केली आहे. रोज रात्री मी पाच मिनिटं तिची कंबर बारीक दातांच्या स्टीलच्या कंगव्यानं विंचरते, आधी हात कोमट पाण्यात भिजवून पाठीवरून फिरवते. पहिल्या आठवड्यात चेंडूएवढी लव निघाली. महिन्याभरानं ती पाय वर करून बसली, मान मागे नेली, आणि शेपटीच्या चार बोटं अलीकडेपर्यंत जीभ पोचली. तिथून पुढे अजून माझी पाळी असते.

काकूंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि परवा त्यांच्या गुंड्याला घेऊन आल्या. गुंड्या आता गॅलरीच्या ज्या गजांतून येत-जात राहायचा त्यांत मावत नाही, आणि त्याच्या काळ्या पाठीवर मीठ भुरभुरल्यासारखा कोंडा होता. मी कंगवा हातात घेतला तशी काकू म्हणाल्या, "त्याचंही आता वय झालं हो."

"किती वर्षांचा?"

"या गणपतीत पाच पूर्ण होतील."